अकरावा भाग

आमचे विष्णुभाऊजी कुणाशीही ओळख झाली की पाचव्या मिनिटाला विचारतात, "आपण ॲनिमे बघता का?" समोरचा हो म्हणाला तर त्यांचा चेहरा पडतो. त्यांना कोरा माणूस लागतो. ज्याने जन्मात जपानी कार्टून पाहिलेलं नाही असा कुणी सापडला की भाऊजी मांडी ठोकून बसलेच.

हा कुणी कॉलेजातला पोरगा नव्हे. वय सत्तेचाळीस, डोक्याला शेंडी, कपाळाला भस्म, काशीत ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत राहणारे मराठी पुरोहित. महाराष्ट्रातून लोक आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन येतात, आमच्याकडे उतरतात, आणि भाऊजी त्यांच्याकडून तेराव्यापर्यंतचं सगळं करवून घेतात. लग्न केलं नाही. मी नंदा, त्यांची थोरली वहिनी. यात्रेकरूंच्या दोन खोल्या आणि स्वयंपाक माझ्याकडे, घाट त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी.

तर या भाऊजींनी मीटर बघायला आलेल्या माणसाला ॲनिमे सुचवलं आहे, बँकेतल्या बाईंना सुचवलं आहे, आणि दाताच्या डॉक्टरला तर स्वतःचा आ वासलेला असताना सुचवलं आहे. रामजनम म्हणून आमचा नेहमीचा नाववाला आहे, तो त्यांचा पट्टशिष्य. मी म्हणते, "भाऊजी, गाढवापुढे वाचली गीता." ते म्हणतात, "वहिनी, वाचणाऱ्याने गाढवं मोजू नयेत."

मालिका अनेक बघतात, पण नव्या माणसाला सुचवतात ती एकच. तिचं जपानी नाव हातभर लांब आहे. आमच्या घरात तिला 'खानावळ' म्हणतात. डोंगरातलं एक लहानसं स्टेशन, बाहेर बर्फ, आणि फलाटावर शेवयांचं गरम सूप विकणारी दोन भावंडं. बहीण किनुए, धाकटा भाऊ तोकी. गाडी थांबते, कुणीतरी उतरतं, सूप पितं, आपलं काहीतरी सांगतं, आणि गाडी सुटते. असे चोवीस भाग. मी मधले दोन-तीन पाहिले होते. वाईट नव्हते. भांडी घासायचा आवाज मात्र फार.

सुचवण्याचीही त्यांची पद्धत आहे, आणि ती वेदपाठशाळेतून आलेली आहे. वेद शिकवताना गुरू एक ओळ म्हणतो, शिष्य तीच दोनदा म्हणतो, मगच पुढची मिळते. त्याला संथा देणं म्हणतात. भाऊजी मालिकेची संथा देतात. दिवसाला तीन भाग, जास्त नाही. सुरुवातीचं गाणं वगळायचं नाही. बोलणं जपानीतच ऐकायचं, खाली अक्षरं वाचायची. अर्थ नंतर कळला तरी चालेल, स्वर आधी कानात बसला पाहिजे. आणि पुढे काय होतं ते गुरूने सांगायचं नाही, शिष्याने विचारायचं नाही. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगतात की बँकेतल्या बाईंनी म्हणे वहीत लिहून घेतलं.

मला हे वेड बघून हसू यायचं आणि रागही यायचा. रागाचं कारण कार्टून नव्हतं. सात वर्षांपूर्वी माझे पती विश्वेश, म्हणजे भाऊजींचे सख्खे भाऊ, घरातच गेले. सकाळपासून श्वास लागला होता, डॉक्टर येऊन हात झटकून गेला होता. भाऊजी तेव्हा मणिकर्णिकेवर कुणा साताऱ्याच्या माणसाची क्रिया करवत होते. मी शेजारच्या रत्नाकरला पळत पाठवलं. त्याने निरोप दिला. भाऊजी म्हणाले, संकल्प सोडला आहे, आता उठता येत नाही. एक तासाने आले. त्या तासात सगळं संपलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून तेव्हाही पाणी आलं नाही, नंतरही नाही, आणि चौदाव्या दिवशी ते पुन्हा घाटावर कामाला गेले. त्याच सुमाराला ही मालिकांची लत लागली. माझा नवरा गेला आणि हा माणूस कार्टून बघत बसला, हे मी विसरले नाही. भांडलेही नाही. एका घरात राहायचं तर काही गोष्टी गिळाव्या लागतात.

यंदाच्या पौषात मिरजेहून मालविका आली. वय सव्वीस. धाकटा भाऊ सुशांत मोटरसायकलवरून पडून गेला होता, त्याच्या अस्थी घेऊन. अस्थी काशीलाच जायला हव्यात हा तिच्या आईचा हट्ट. बरोबर मामा होते. कलश आमच्या रिवाजाप्रमाणे दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवला, कारण अस्थी घराच्या आत आणत नाहीत. त्या दिवशी सुशांतला जाऊन सहावा दिवस होता. संध्याकाळी मामांना फोन आला की तिकडे आईला दवाखान्यात भरती केलंय. ते बिचारे दोन्हीकडून कात्रीत सापडले. निघताना मला जिन्याखाली घेऊन गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, हिला एकटी सोडू नका. आईची औषधं आणायला हिनेच त्याला पाठवलं होतं, अवकाळी पावसात. तेव्हापासून एकच वाक्य बोलते, मी पाठवलं. आणि परवा गाडीत म्हणाली, मामा, मीही त्याच्याबरोबर गेले तर आईला एकाच वेळी रडता येईल. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं हो. मी बाराव्याला येतो. तोपर्यंत पाण्याजवळ एकटी जाऊ देऊ नका."

आमच्या दारापासून गंगा ऐंशी पायऱ्यांवर आहे.

यात्रेकरू रडतात, भांडतात, जेवणाला नावं ठेवतात, त्याची मला सवय आहे. ही काहीच करत नव्हती. वरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. ताट जसं जायचं तसं परत यायचं. मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून वर जायची, कधी चादर, कधी पाणी. तिला ते कळत असणार, पण ती म्हणायची फक्त, "ठेवा काकू."

सातव्या दिवशी भाऊजी टॅब घेऊन जिना चढताना दिसले, तेव्हा मी त्यांना अडवलं. "भाऊजी, सुतकात आहे ती. कार्टून दाखवता?"

"सुतकात बघू नये असं कुठल्या ग्रंथात आहे ते दाखवा, मी परत जातो."

"दुःखाचं काही नाही ना त्यात?"

"नाही हो वहिनी. एकदम हलकंफुलकं आहे. सूप आहे, बर्फ आहे, ट्रेन आहे. टेन्शन नका घेऊ."

मी पाठोपाठ गेले. भाऊजी तिच्यापासून चार हात लांब जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मालविकाताई, मी तुम्हाला काही समजवायला आलो नाही. तुम्हाला भिंत बघायची आहे तर भिंतीऐवजी हे बघा, एवढंच. तीन भाग बघा. तिसऱ्यानंतर आवडलं नाही तर टॅब बाहेर ठेवून द्या, मी विचारणार नाही का म्हणून." मग आपले नियम सांगितले. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. आम्ही खाली आलो. दहा मिनिटांनी वरून ते सुरुवातीचं गाणं ऐकू आलं.

टॅब बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः जिन्याच्या तोंडाशी आली आणि म्हणाली, "काकू, काही पातळ आणि गरम मिळेल का?" मी मुगाचं कढण केलं, वरून तूप आणि मिऱ्याची पूड. तिने वाटी दोन्ही हातांत धरली, आधी वाफ घेतली आणि मग प्यायली, त्या कार्टूनमधली माणसं पितात तशी. दुसरी वाटीही प्यायली. मी स्वयंपाकघरात येऊन पदराने डोळे पुसले आणि मनातल्या मनात म्हटलं, भाऊजी, तुमचे सगळे गुन्हे नाही, पण एक माफ.

नववा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर दहाव्याची क्रिया आणि अस्थिविसर्जन. भाऊजींनी सकाळीच तिला सांगितलं की उद्या तुम्हाला स्वतःच्या हाताने अस्थी सोडायच्या आहेत. ती म्हणाली, "बघू." मला ते 'बघू' आवडलं नाही.

दुपारी तीनला भाऊजी घाटावरून आले, आंघोळ केली, जेवायला बसले. मी आमटी वाढता वाढता सहज म्हटलं, "पोरीला ती भावंडं फार आवडलीत. काल मला विचारत होती, तोकी आणखी मोठा झाल्यावर शहरात जातो का म्हणून. मी म्हटलं, गुरुजींना विचार. तर म्हणाली, ते सांगायचे नाहीत."

भाऊजी भात कालवत म्हणाले, "शहरात नाही जात. तो अकराव्यात वारतो."

त्यांनी हे कसं सांगितलं, तर चतुर्थी मंगळवारी आहे असं सांगावं तसं. मी आमटीचं भांडं खाली ठेवलं.

"कोण वारतो?"

"तोकी. सिग्नलचा दिवा विझलेला असतो. बहीण त्याला लावायला पाठवते आणि..." घास त्यांच्या हातात तसाच राहिला.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरत उतरत कागदासारखा झाला. ते लबाड नाहीत हे मला माहीत आहे. पण ही चूक आमच्याच घरात होऊ शकते. रोज दोन-चार मरणांचं काम असतं. सकाळी कोण आहे, दुपारी कोण आहे, पिंडांचं पीठ किती मळायचं, हे आम्ही भाजी आणल्यासारखं बोलतो. चोवीस भागांत एकच मरण म्हणजे आमच्या हिशेबाने ते हलकंफुलकंच. भावाला बहिणीने पाठवलेलं असतं, आणि भाऊ परत येत नाही, आणि हे तुम्ही कुणाला दाखवलंत भाऊजी, असं मी म्हणाले. ओरडले नाही, कारण वरती ऐकू गेलं असतं.

"आज नवव्यापर्यंतच आहे ती," भाऊजी म्हणाले. "तीन, तीन, तीन. अकरावा उद्या. मी आत्ता जाऊन टॅब घेऊन येतो, म्हणतो चार्जर बिघडलाय."

ते उष्ट्या हाताने उठले. जिन्याच्या मध्यावर पोचले आणि थांबले. वरून एक धून येत होती, बासरीसारखी, संथ. भाऊजींचा कान म्हणजे कान आहे. एका स्वराची चूक त्यांना बाजारातून चालतानाही टोचते. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"वहिनी, ही दहाव्या भागाची शेवटची धून आहे. तिने माझं ऐकलं नाही. पुढे गेली ती."

आम्ही दोघं वर धावलो. दाराला आतून कडी होती. मी ठोठावलं. "मालविका, जरा दार उघड गं. चहा आणलाय."

आतून तिचा आवाज आला, "थोड्या वेळाने, काकू. फक्त एक."

मग सुरुवातीचं गाणं लागलं. मी पुन्हा ठोठावलं, जोरात. उत्तर नाही. मी भाऊजींना म्हटलं, दार तोडा. ते म्हणाले, "दार तोडून काय सांगू? भाऊ मरणार आहे म्हणून बघू नका? ते तर याहून वाईट." खरं होतं. मला त्यांना दोन ठेवून द्याव्यात असं वाटत होतं आणि त्यांचं म्हणणं खरं होतं.

"किती वेळाने येतं ते?" मी विचारलं.

ते दाराजवळ सरकले.

"भाऊजी, कितव्या मिनिटाला? आत्ता काय चाललंय?"

आतून वाऱ्याचा आवाज येत होता, मग कुणीतरी दोन शब्द बोललं, मग लाकडी खोक्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज. भाऊजी दाराला कान लावून उभे होते. घाटावरच्या थंडीत पहाटे चारला उघड्या अंगाने उभा राहणारा माणूस, त्याच्या कपाळावर घाम होता.

"मला हा आवाज ओळखू येत नाही," ते म्हणाले.

"नऊ वेळा पाहिलीत तुम्ही ही मालिका. सगळ्या गल्लीला सांगता."

"हो," ते म्हणाले. "पण मला ओळखू येत नाही."

मला काही समजेना. तेवढ्यात आतला आवाज थांबला. संपला नाही, मध्येच थांबला. आम्ही वाट पाहिली. पाऊल नाही, हुंदका नाही, काही नाही. मी दारावर दोन्ही हात मारले आणि तिच्या नावाने हाका मारल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या खोलीला दुसरं दार आहे. ते गच्चीच्या कठड्याकडे उघडतं, आणि तिथून एक दगडी जिना थेट गल्लीत उतरतो. यात्रेकरूंना सोयीचा पडावा म्हणून माझ्या सासऱ्यांनी करवून घेतलेला. तीन दिवस मी आतल्या जिन्यावर पहारा देत होते. मला त्या दाराची आठवण झाली नव्हती.

आम्ही कठड्याकडून गेलो. दार सताड उघडं. खोली रिकामी. टॅब गादीवर, त्यावर बर्फातला एक विझलेला दिवा, चित्र थांबलेलं. मी खाली धावले. दाराबाहेरच्या कोनाड्यात कलश नव्हता.

त्या ऐंशी पायऱ्या मी कशा उतरले ते मला सांगता येणार नाही. गुडघे दुखतात माझे, एरवी दर दहा पायऱ्यांना थांबते. वाटेत रामजनम जाळं घेऊन वर येताना भेटला. "भाभीजी, मिरज वाली बहिनी नीचे गइल हईं, कलसा लेके. हम पुछली, त कुछ बोलली ना." भाऊजी त्याच्या बाजूने निघून पुढे गेले होते.

ती सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर होती. पाय पाण्यात, घोट्याच्या वरपर्यंत. कलश मांडीवर, त्यावरचं लाल फडकं सोडलेलं. पौषातलं पाणी, हात लावला तर हाडापर्यंत झोंबतं, पण तिचे पाय हलत नव्हते. पुढची पायरी पाण्याखाली होती, आणि त्यापुढे पायरी नाही हे आम्हा घाटावरच्यांना माहीत आहे, तिला नव्हतं.

मी ओरडणार होते. भाऊजींनी मागे न बघता हात वर करून मला थांबवलं. ते सावकाश गेले आणि तिच्या शेजारी नाही, तिच्या पुढच्या पायरीवर, पाण्यात उतरून उभे राहिले, तिच्या आणि नदीच्या मध्ये. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. आंघोळ करून जेमतेम तासही झाला नव्हता.

"मालविकाताई," ते म्हणाले, "मी तुम्हाला म्हटलं होतं की यात दुःखाचं काही नाही. ते खोटं होतं."

तिने वर पाहिलं. "मुद्दाम दाखवलंत तुम्ही. मी रडावं म्हणून."

दुसरा कुणी गुरुजी असता तर हो म्हणाला असता. सोपं होतं ते, शहाणपणाचं श्रेयही मिळालं असतं. माझाच जीव म्हणत होता, हो म्हणा, भाऊजी, काहीतरी मोठं बोला आणि तिला वर आणा.

"नाही," भाऊजी म्हणाले. "सुचवताना मला आठवलंच नाही की तो वारतो."

"असं कसं आठवत नाही? सगळं त्यावरच आहे."

"मी तो भाग एकदाच पाहिला. सात वर्षं झाली. त्यानंतर मालिका पुष्कळ वेळा बघितली, पण अकरावा लागला की मी उठतो. दूध तापवतो, नाहीतर गच्चीवरचे कपडे काढतो. तो संपला की येऊन बसतो. लोकांना सांगताना मला खरंच वाटतं की ही मालिका सूपाची आहे."

"का उठता?"

भाऊजींनी एकदा वर माझ्याकडे पाहिलं. मी तीन पायऱ्या वर उभी होते, श्वास आवरत. त्यांना माहीत होतं मी ऐकते आहे.

"माझा दादा वर घरात शेवटच्या घटका मोजत होता," ते म्हणाले, "आणि मी मणिकर्णिकेवर दुसऱ्याच्या पिंडांना पाणी घालत होतो. निरोप आला. संकल्प सोडलेला होता, मध्येच उठलो असतो तर त्या गेलेल्या माणसाची क्रिया मोडली असती. असं मी सगळ्यांना सांगतो. पण ताई, शेजारी दुसरे गुरुजी बसले होते. मी त्यांच्या हातात दर्भ देऊन उठू शकलो असतो. मी उठलो नाही. मला भीती वाटत होती. रोज मेलेली माणसं बघतो मी. मरताना कुणाला बघितलेलं नव्हतं. आपल्याच भावाला तसं बघावं लागेल म्हणून मी बसून राहिलो."

सात वर्षं मी समजत होते की या माणसाला काही वाटलंच नाही. दगड आहे, असं मी माझ्या बहिणीला फोनवर किती वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी ज्याला उठता आलं नाही तो तेव्हापासून दर वेळी उठत होता, आणि मी खाली बसून म्हणत होते, बघा, आता याला दूध सुचतंय. मला माझीच लाज वाटली, आणि रागही पूर्ण गेला नाही, दोन्ही एकदम.

मालविका त्यांच्याकडे बघत होती. मग ती बोलायला लागली, कलशाकडे बघत, "गोळ्या सकाळी आणल्या असत्या तरी चाललं असतं. दोन शिल्लक होत्या. मी मोजल्याच नाहीत. तो जेवत होता, म्हणाला, ताई, पाऊस थांबू दे. मी म्हटलं, तुझी नाटकं पुरेत. हे शेवटचं. एवढंच बोलले मी त्याच्याशी." तिचे दात वाजत होते. "किनुए पण तसंच म्हणते त्याला. जा, नाटकं करू नकोस. अक्षरं वाचली मी खाली. मग मला पुढे बघता आलं नाही."

"मलाही नाही," भाऊजी म्हणाले.

मी आता खाली आले आणि तिचा दंड धरला. इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते. "पोरी, कशाला आली होतीस गं इथे एकटी?"

"ते नका विचारू, काकू," ती म्हणाली. "मला नीट माहीत नाही." आणि मग भाऊजींना म्हणाली, "तुम्ही पाण्यातून बाहेर या. काकडलात."

"तुम्ही आधी."

ती क्षणभर बसून राहिली. मग तिने फडकं कलशावर पुन्हा बांधलं, गाठ मारली आणि पाय वर घेतले. भाऊजी त्यानंतर बाहेर आले. कलश कोनाड्यात ठेवल्यावर ती भाऊजींना म्हणाली, "चला वर. उरलेला भाग बघायचाय. मला एकटीने पुढे जाता येत नाही, तुम्हालाही येत नाही. दोघांनी बघू. काकू, तुम्हीही या."

कपडे बदलून आम्ही तिघं गादीवर बसलो, टॅब उशीला टेकवून. तिने भाग पहिल्यापासून लावला. मी सांगते त्यात काय आहे, नियम गेला चुलीत. बहीण भावाला सिग्नलचा दिवा लावायला पाठवते. तो जातो. ती सूप गरम ठेवते, लाकडं घालते, पुन्हा घालते. दूरवर दिवा लागलेला दिसतो. भाऊ येत नाही. मग गाडी येते, वेळेवर, कारण दिवा लागलेला असतो, आणि माणसं थंडीने गारठून उतरतात आणि खानावळीसमोर उभी राहतात. तिला कळलेलं असतं. ती पळी उचलते. एकेकाला वाढत जाते आणि शेवटच्या माणसापर्यंत कुणालाच कळत नाही. बस, एवढंच.

लाकडं दुसऱ्यांदा घातली तेव्हा भाऊजी चुळबुळले. "दूध गॅसवर ठेवलंय बहुतेक," असं म्हणत एक हात टेकवून उठू लागले. मालविकाने त्यांच्या उपरण्याचं टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. ते बसले.

गाडी आली तेव्हा मालविका रडायला लागली. सुशांतचं नाव घेऊन रडली, लहान मुलं रडतात तशी, नाक पुसत, उचक्या देत. मी तिला कुशीत घेतलं. पण मी बघत होते भाऊजींकडे. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, पिंडदानाला बसतात तसे ताठ, आणि तोंडातून आवाज येत होता. दादा, दादा, एवढाच. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, मंत्र म्हणून कमावलेला आवाज, तो असा फुटलेला मी कधी ऐकला नव्हता.

किती वेळ गेला ठाऊक नाही. भाग केव्हाच संपला होता. भाऊजींनी उपरण्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी, दादा शेवटी काही बोलला का?"

सात वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. ते माझ्याकडे असलेलं एकच हत्यार होतं.

"बोलले," मी म्हटलं. "म्हणाले, विष्णू घाटावरून उपाशी येईल. तो आला की त्याला आधी वाढ."

भाऊजींनी मान खाली घातली.

"मी वाढलं नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी घरात चूल पेटलीच नाही ते ठीक. पण त्यानंतरही कधी तुम्हाला समोर बसून मनापासून वाढलं नाही. तुम्ही जेवता, मी वाढते, पण ते वाढणं नव्हे. तुम्हालाही ते कळत होतं."

खालून गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली. मालविका माझ्या खांद्यावरून उठून सरळ बसली, डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"गुरुजी, उद्या मला किती वाजता तयार राहायचंय?"

"सहाला," भाऊजी म्हणाले. "गरम कपडे घाला. मी बरोबर आहे."

ती म्हणाली की तिला भूक लागली आहे. मी खाली गेले. भाऊजींचं दुपारचं ताट तसंच पडलं होतं, कालवलेला भात वाळलेला. तो काढून टाकला, कुकर लावला, आमटी गरम केली आणि तीन पानं घेऊन वर आले. आधी भाऊजींना वाढलं आणि समोर बसले.